नर-मादी फळ्यांचे दर्शनी दार : लाकडाचा ओलावा आणि सौद्याची सचोटी

समुद्रपूर तालुक्यात घर बांधणारा माणूस आता दर्शनी दारासाठी सुतार मिस्त्रीकडे जाण्याआधी तयार दारांच्या दुकानात चौकशी करतो. फ्लश दार, लोखंडी दार, फायबरचे दार, सगळे तेथे उभे केलेले असते. तयार माल स्वस्त पडतो, हे एक कारण झाले. दुसरे कारण आमच्या कारागीर बंधूंनी अधिक मनावर घ्यावे असे आहे. ग्राहक सांगतो की मिस्त्रीने केलेले दार पावसाळ्यात अडते आणि उन्हाळ्यात त्याच्या फटींतून रस्ता दिसतो. ही तक्रार खरी असेल तर दोष लाकडाचा नाही. ते किती ओले होते हे न पाहता काम केले गेले, यात दोष आहे.

आम्ही कापडाचे व्यापारी. रंधा आमच्या हातचा नाही. परंतु आटणाऱ्या मालाशी आमचा रोजचा संबंध आहे, आणि दारे करवून घेणाऱ्या ग्राहकांत आम्हीही येतो. म्हणून नर-मादी फळ्यांचे दार कसे करावे, कोणत्या महिन्यात किती फट ठेवावी आणि त्याचा सौदा कसा ठरवावा, याचा एक धडा येथे क्रमाने मांडत आहोत. मिस्त्रींना यातील बरेचसे ठाऊक असेल. हिशेब मात्र कागदावर मांडलेला क्वचितच पाहायला मिळतो.

कापड एकदा आटते, लाकूड दरवर्षी

कोरा लट्ठा पाण्यात टाकला की आटतो, हे प्रत्येक शिंप्याला माहीत असते. म्हणून जुने शिंपी कापड आधी पाण्यातून काढत आणि मगच कात्री लावत. पुढे १९३० च्या सुमारास अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट यांनी कापड गिरणीतच आटवून घेण्याची पद्धत काढली. त्यांच्या नावावरूनच कापडावर ‘सॅन्फोराइज्ड’ असा शिक्का येऊ लागला. या शिक्क्याचा अर्थ एवढाच की आटायचे ते आधीच आटले आहे, आता ग्राहकाची फसगत होणार नाही.

लाकडाला असा कायमचा शिक्का मारता येत नाही. ते उन्हाळ्यात हवेला पाणी देते आणि पावसाळ्यात हवेतून पाणी घेते. लांबीत हा फरक जवळजवळ नसतो. रुंदीत मात्र तो चांगलाच असतो. ओले सागवान पूर्ण सुकेपर्यंत रुंदीत किती आटते, याचे आकडे लाकूडशास्त्रात दिलेले आहेत. फळी वर्तुळांच्या दिशेने चिरली असेल, म्हणजे फळीच्या टोकाला वर्षांच्या रेषा आडव्या, कमानीसारख्या दिसत असतील, तर ती सुमारे ५.८ टक्के आटते. गाभ्याकडून सालीकडे चिरलेली, म्हणजे टोकाला रेषा उभ्या दिसणारी फळी सुमारे २.५ टक्केच आटते. इतर अनेक लाकडांच्या मानाने हे प्रमाण कमी आहे, आणि दारांसाठी सागाचा मान मोठा असण्याचे हेही एक कारण आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

आता आपल्या भागाचा हिशेब मांडू. विदर्भात मे महिन्याची हवा हाडे सुकवणारी, तर ऑगस्टची हवा मीठ पाझरवणारी. समजा मे महिन्यात दाराच्या लाकडात ६ टक्के ओलावा उरला आणि ऑगस्टअखेर तो १४ टक्क्यांवर गेला. आडव्या रेषांच्या सागफळीत एका टक्क्याला साधारण ०.२ टक्के फरक पडतो. आठ टक्क्यांना १.६ टक्के झाला. दाराचा पल्ला ४० इंच रुंद असेल तर हा फरक ०.६४ इंच, म्हणजे पाच सूत होतो. एका इंचाचे आठ सूत, हे माप कारागिरांना सांगायला नको. चौकटीत दोन्ही बाजूंना एक-एक सूत मोकळे ठेवणारा मिस्त्री पाच सुतांचे फुगणे कोठे बसवणार? दार अडणारच. मग ग्राहक त्याला रंधा मारायला लावतो, आणि पुढच्या मे महिन्यात त्याच दाराच्या कडेला बोटभर फट पडते.

नर-मादी सांध्याची युक्ती

यावर जगभरातील सुतारांनी फार पूर्वी तोड काढली. एक रुंद तावदान करण्याऐवजी अरुंद फळ्या घ्यायच्या. प्रत्येक फळीच्या एका काठाला जीभ काढायची आणि दुसऱ्या काठाला खाच पाडायची. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते. यालाच आपले मिस्त्री नर-मादी सांधा म्हणतात, इंग्रजी शिकलेले टंग-ग्रूव्ह म्हणतात.

या सांध्यात डिंक किंवा सरस लावायचा नसतो. जीभ खाचेत आत-बाहेर सरकायला मोकळी हवी. पाच इंची फळी ऑगस्टपर्यंत ०.०८ इंच फुगते, म्हणजे अर्ध्या सुतापेक्षा थोडी जास्त. प्रत्येक फळी मधोमध पट्टीला पक्की केली आणि तिचे दोन्ही काठ मोकळे ठेवले, तर हे फुगणे शेजारच्या फटीत जिरते. फट कितीही उघडली तरी जीभ मागे असल्याने उजेड दिसत नाही, धूळ येत नाही. चौकटीकडे सरकतो तो फक्त कडेच्या फळीचा बाहेरचा अर्धा भाग, म्हणजे पाव सुतापेक्षा थोडे अधिक. पाच सुतांचे काम पाव सुतावर आणणारी ही युक्ती आहे. सांध्यात सरस भरला की ही सगळी युक्ती वाया जाते आणि फळी मधूनच तडकते.

अशा दाराचे मानक भारतीय मानक ब्युरोने ‘आयएस ६१९८’ या क्रमांकाने दिलेले आहे. मागे आडव्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये तिरक्या पट्ट्या आणि समोर उभ्या फळ्या, असे हे दार. सरकारी कामाचा ठेका घेणाऱ्या आमच्या बंधूंनी हे मानक मागवून वाचावे.

लाकूड कोठले घ्यावे

आपण सागाच्या मुलखात राहतो. बल्लारपूर आणि आलापल्लीच्या डेपोंचे सागवान देशभर जाते. नागपुरात मुख्यालय असलेले महाराष्ट्र वनविकास महामंडळ १९७४ पासून काम करीत आहे. २०२३ साली उघडलेल्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून नेले, असे केंद्र सरकारने जाहीर केले होते. त्यामुळे जाम, गिरड, नंदोरी, मांडगाव येथील मिस्त्रीला चांगले लाकूड दूरदेशी शोधावे लागत नाही. खरेदी करताना पावती आणि वाहतुकीचा पास मात्र मागून घ्यावा. शेताच्या धुऱ्यावरचा साग असला तरी परवानगीशिवाय तोडू नये. बिनकागदाचा माल स्वस्त पडतो, पण पकडला गेला तर कारागिराची वर्षाची कमाई जाते. शिवाय तो माल हलाल कमाईचा म्हणता येईल का, हा प्रश्न उरतोच.

फळ्या निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, पांढरा भाग. सागाचा बाहेरचा फिका भाग लवकर किडतो, वाळवी आधी त्यालाच लागते. दर्शनी दाराला गाभ्याचेच लाकूड हवे. दुसरी, टोकाच्या रेषा. उभ्या रेषांच्या फळ्या मिळाल्या तर थोडे जास्त पैसे देऊनही घ्याव्यात, कारण त्यांचे फुगणे निम्म्याहून कमी असते. तिसरी, गाठी. जीभ किंवा खाच येणार त्या काठावर गाठ नको. चौथी, पीळ. फळी सपाट जमिनीवर ठेवून चारही कोपरे टेकतात का, ते पाहावे. पिळलेली फळी रंध्याने सरळ दिसते, पण पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आपल्या वळणावर जाते.

आजकाल इक्वेडोर, ब्राझील, घाना अशा देशांतील लागवडीचा सागही बाजारात येतो. तो वापरायला हरकत नाही. हरकत आहे ती त्याला बल्लारशाहचा म्हणून विकायला. पांढऱ्या भागाला रंग चढवून गाभा म्हणून देणे आणि गाठीचे भोक लाकडाच्या भुशाने व सरसाने बुजवून गप्प बसणे, हेही त्याच जातीचे काम आहे.

ओलावा कसा तपासावा

ओलावा मोजण्याचे यंत्र आता मिळते. ज्या मिस्त्रीचे महिन्याला दोन-तीन दारांचे काम असेल त्याने ते घेतलेले बरे. यंत्र नसेल तर काट्यावरही काम होते. फळीच्या टोकापासून फूटभर आत जाऊन एक छोटा तुकडा कापावा, कारण टोक नेहमी मधल्या भागापेक्षा आधी सुकते आणि खोटी साक्ष देते. तुकडा लगेच सोनाराच्या काट्यावर तोलावा. मग तो १०३ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या ओव्हनमध्ये ठेवावा. अधूनमधून काढून तोलावा, आणि वजन उतरायचे थांबले की ते शेवटचे वजन धरावे. दोन्ही वजनांच्या फरकाला सुक्या वजनाने भागून शंभराने गुणले की टक्केवारी मिळते. तुकडा आधी ११२ ग्रॅम आणि सुकल्यावर १०० ग्रॅम भरला, तर ओलावा १२ टक्के.

कोणत्या कामाला किती ओलावा चालतो, हे ‘आयएस २८७’ या मानकात हवेच्या दमटपणाप्रमाणे देशाचे चार विभाग करून सांगितले आहे. आपल्याकडे दाराच्या फळीला १० ते १२ टक्के मिळाले तर काम निर्धास्त सुरू करावे. आरामशीनवरून आलेली फळी २५ टक्क्यांची निघाली, तर ती दाराला लावू नये, मग ग्राहक कितीही घाई करो.

सुकवण्याची रीत सोपी आहे, फक्त सबुरी लागते. सावलीत, जमिनीपासून हातभर उंच ओटा करावा. फळ्यांच्या प्रत्येक थरामध्ये एक इंच जाडीच्या काठ्या दोन-दोन फुटांवर, एकावर एक सरळ रेषेत ठेवाव्यात. फळ्यांच्या टोकांना जाड रंग लावावा म्हणजे चिरा पडत नाहीत. वर वजन ठेवावे. सव्वा इंची फळीला निदान एक पूर्ण उन्हाळा असा मिळावा. भर उन्हात टाकून आठ दिवसांत सुकवलेली फळी वरून सुकी आणि पोटात ओली राहते.

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा मदीनेच्या बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला आणि बोटांना आत ओल लागली. मालकाने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा त्यांनी विचारले की हे भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि जो फसवतो त्याचा आपल्याशी संबंध नाही असे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. आमच्या समजुतीप्रमाणे वरून सुकी आणि पोटात ओली फळी ही त्या राशीसारखीच आहे. ओले लाकूड विकणे हा गुन्हा नाही. ओल लपवणे हा गुन्हा आहे.

माप आणि खाच

आता ४० इंच रुंद आणि ८० इंच उंच पल्ल्याचे उदाहरण घेऊ. उभ्या फळ्या आठ, प्रत्येकीची दर्शनी रुंदी जवळपास पाच इंच, तयार जाडी एक इंच. जीभ काठाच्या मधोमध, तीन सूत जाड आणि तीन सूत लांब. म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सूत लाकूड उरते. खाच साडेतीन सूत खोल पाडावी. जीभ खाचेच्या तळाला टेकता कामा नये, नाहीतर फळ्या मिळणार नाहीत आणि धूळ साचली की सांधा उघडा पडेल. जाडीत जीभ हाताने सरकेल इतपत असावी. हातोडीने ठोकावी लागते ती घट्ट, आपोआप पडते ती सैल.

खुणा करताना खतकश नेहमी फळीच्या दर्शनी बाजूला टेकवूनच चालवावा. सगळ्या फळ्यांना एकाच बाजूने खूण झाली तर जाडीत थोडा फरक असला तरी समोरचा भाग एका पातळीत येतो. खाचेच्या रंध्याने किंवा राउटर यंत्राने काम करा, नियम हाच. दर्शनी बाजूच्या दोन्ही काठांची धार रंध्याने एक-एक सूत मारून घ्यावी. दोन फळ्या मिळाल्या की तेथे इंग्रजी व्हीसारखी बारीक नाळ दिसते, आणि उन्हाळ्यात उघडणारी फट तिच्यात लपून जाते.

जुळवणी करण्याआधी प्रत्येक फळीच्या जिभेला, खाचेला, टोकांना आणि मागच्या बाजूला उकळलेल्या जवसाच्या तेलाचा किंवा रंगाच्या अस्तराचा हात द्यावा. हे काम नंतर करता येत नाही. नंतर रंगवलेल्या दारात मे महिन्यात जीभ बाहेर सरकली की कोऱ्या लाकडाची पांढरी रेघ उठून दिसते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. कापडाच्या आणि लाकडाच्या दुकानात ही आग महाग पडते. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात टाकाव्यात.

फट महिना पाहून ठेवावी

या धड्यातील मुख्य गोष्ट हीच आहे. आठ फळ्यांमध्ये सात सांधे येतात. पाच सुतांचे फुगणे सात सांध्यांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण सुताच्या आसपास येते. म्हणून एप्रिल-मेमध्ये दार जुळवताना प्रत्येक सांध्यात पाऊण सूत फट ठेवावी. तेवढ्यासाठी फळीची दर्शनी रुंदी पाच इंचांहून सुमारे पाऊण सूत कमी घ्यावी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जुळवत असाल तर फळ्या एकमेकींना भिडवून टाकाव्यात, कारण त्या आता आटणारच आहेत. हिवाळ्यात पाव ते अर्धा सूत पुरे. फट सारखी यावी म्हणून पत्र्याचे सारख्या जाडीचे तुकडे सांध्यात धरून स्क्रू आवळावेत आणि मग काढून घ्यावेत.

मे महिन्यात गच्च भिडवलेले दार ग्राहकाला त्या दिवशी फार सुबक दिसते. जुलैत तेच फुगून चौकटीला घासते किंवा मधून पोट काढते. म्हणून दार ताब्यात देताना ग्राहकाला फटींचे कारण समजावून सांगावे. कारण कळले की ग्राहक फटीला दोष म्हणत नाही.

आडव्या आणि तिरक्या पट्ट्या

मागच्या बाजूला सहा इंच रुंद, सव्वा इंच जाड अशा तीन आडव्या पट्ट्या लावाव्यात : एक खाली, एक वर, एक कुलपाच्या उंचीवर. लांबी ३८ इंच, म्हणजे चौकटीच्या खाचेसाठी दोन्हीकडे एक इंच मोकळा राहतो. पट्टीचा वरचा काठ थोडा उतरता करावा. त्यावर पाणी आणि धूळ साचत नाही.

प्रत्येक फळी प्रत्येक पट्टीला दोन स्क्रूंनी आवळावी. दोन्ही स्क्रू फळीच्या मधल्या भागात, एकमेकांपासून साधारण दोन इंचांवर असावेत. काठाजवळ स्क्रू मारला की फळीचे सरकणे बंद होते. जिभेतून खिळा ठोकून दोन फळ्या एकत्र शिवणे तर अजिबात नको. आठ फळ्या, तीन पट्ट्या आणि दोन-दोन स्क्रू, असे ४८ झाले. तिरक्या पट्ट्यांचे धरून ६० ते ६५ लागतात. फळी एक इंच आणि पट्टी सव्वा इंच, मिळून सव्वादोन इंच. दोन इंची स्क्रू पट्टीकडून मारला की दर्शनी बाजू कोरी राहते. पितळी किंवा गंज न धरणारे स्क्रू घ्यावेत.

तिरकी पट्टी उलटी लागली तर असून नसल्यासारखी. तिचे खालचे टोक बिजागरीच्या बाजूला आणि वरचे टोक कुलपाच्या बाजूला हवे. पल्ल्याचे वजन कुलपाच्या बाजूने खाली ओढत असते. या पट्टीवर ते दाबाच्या रूपाने येते आणि बिजागरीकडे जाते. टोके आडव्या पट्टीत खाच करून बसवावीत, नुसती चिकटवू नयेत. असे तयार दार सागाचे असेल तर ५० किलोच्या आसपास भरते. म्हणून तीन लांब टी-बिजागऱ्या, प्रत्येक आडव्या पट्टीवर एक, अशा लावाव्यात. रुंदी याहून जास्त असेल किंवा दार सरळ पश्चिमेच्या पावसाला तोंड देत असेल, तर भोवती जाड चौकटीचा पल्ला करून फळ्या त्याच्या आत बसवणे चांगले.

दार अडते ते नेहमी दारामुळेच नाही

आपल्या तालुक्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर भिंत हलते आणि चौकट काटकोनात राहत नाही. अशा घरात उत्तम दारही अडते आणि बोल सुताराला लागतो. म्हणून चौकट बसवताना तिचे दोन्ही कर्ण मोजून मापे कागदावर लिहावीत आणि ग्राहकाची सही घ्यावी. पावसाळ्यात तक्रार आली तर तेच कर्ण पुन्हा मोजावेत. कर्णांत फरक पडला असेल तर भिंत हलली आहे. फरक नसेल तर दोष दारात शोधावा आणि बिनतक्रार दुरुस्त करून द्यावा. ही दोन मापे वाद मिटवतात. चौकटीचे मातीला लागणारे टोक वाळवीच्या औषधाशिवाय कधीही बसवू नये.

लाकडाचा हिशेब

वरच्या मापाच्या दाराला चिरान मालाचा हिशेब असा येतो. आठ फळ्या, पावणेसहा इंच रुंद, सव्वा इंच जाड, ८२ इंच लांब : पावणेतीन घनफूट. तीन आडव्या पट्ट्या, दीड इंच जाड मालातून : सुमारे ०.६३ घनफूट. दोन तिरक्या पट्ट्या : सुमारे ०.३८ घनफूट. एकूण पावणेचार घनफूट, आणि पंधरा टक्के तूट धरून ४.३ घनफूट. समजा त्या दिवशीचा भाव घनफुटाला ३,००० रुपये असेल तर लाकूडच १२,९०० रुपयांचे झाले. त्यावर बिजागऱ्या, स्क्रू, तेल, यंत्राची वीज, मजुरीचे दिवस आणि नफा वेगवेगळा लिहावा. अनेक कारागीर तूट धरत नाहीत आणि सुकवण्यात अडकलेल्या भांडवलाला काही किंमतच लावत नाहीत. मग खर्च भरून काढण्यासाठी ओले लाकूड वापरण्याचा मोह होतो. कमी दर सांगून ओला माल देण्यापेक्षा पूर्ण दर सांगून सुका माल देणे, यातच पुढच्या ग्राहकाची खात्री आहे.

सौदा कसा ठरवावा

ग्राहकाने माप सांगावे आणि कारागिराने आपल्या लाकडातून वस्तू करून द्यावी, या व्यवहाराला फिकहमध्ये इस्तिस्ना म्हणतात. जी वस्तू अजून अस्तित्वात नाही तिचा सौदा सहसा करता येत नाही, पण लोकांची गरज आणि चालत आलेला रिवाज पाहून हनफी विद्वानांनी हा व्यवहार जाइज ठरवला. खुद्द प्रेषितांचा (स.) मिंबर एका सुताराकडून करवून घेतला होता, हे सहीह बुखारीत आले आहे. इमाम अबू हनीफा यांच्या मते वस्तू पाहिल्यावर घेण्या-न घेण्याचा अधिकार ग्राहकाला राहतो. इमाम अबू यूसुफ यांच्या मते ठरल्याप्रमाणे वस्तू झाली असेल तर सौदा दोघांवर बंधनकारक आहे. १९९२ साली जेद्दा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीच्या बैठकीत अटी पूर्ण असतील तर हा करार दोन्ही बाजूंना बंधनकारक मानला गेला. कारागिराच्या दृष्टीने हे मोठे संरक्षण आहे. पण ते अटी स्पष्ट लिहिलेल्या असतील तरच मिळते.

इस्तिस्नात पूर्ण पैसे आगाऊ द्यावे लागत नाहीत, बयाणा देऊन बाकी हप्त्याने देता येते. लाकूड ग्राहकाचे आणि मेहनत कारागिराची असेल, तर तो इस्तिस्ना नसून मजुरीचा करार होतो. तेथे ग्राहकाच्या लाकडाचा उरलेला तुकडाही त्याच्या परवानगीशिवाय ठेवता येत नाही.

कागदावर निदान सहा गोष्टी याव्यात :
१. पल्ल्याची लांबी, रुंदी आणि फळीची तयार जाडी.
२. लाकडाची जात आणि ते कोठले, पांढरा भाग चालेल की नाही.
३. जुळवणीच्या दिवशी फळ्यांतील ओलावा किती टक्के.
४. सांध्यात ठेवलेली फट आणि तिचे कारण.
५. एकूण किंमत, बयाणा आणि बाकी रकमेच्या तारखा.
६. ताबा देण्याची तारीख, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा येऊन दार पाहून देण्याचा वायदा.

तयार दाराच्या दुकानाकडे तिसरी आणि सहावी कलमे सहसा नसतात. आमच्या कारागिराची खरी ताकद त्यांतच आहे.

हत्यारांसाठी मदत

केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिची मुदत २०२७-२८ पर्यंत आहे. अठरा पारंपरिक धंद्यांत सुतारकाम येते. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, रोज ५०० रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर अशी तरतूद आहे. खाचेचा रंधा, राउटर, ओलावा मोजण्याचे यंत्र, यांतील काही तरी त्यातून होऊ शकते. योजनेतील कर्ज पाच टक्के व्याजाचे आहे. ते घ्यावे की नाही, हे ज्याने-त्याने आलिमांना विचारून ठरवावे. प्रशिक्षण आणि हत्यारांची मदत घेण्यासाठी कर्ज घेण्याची सक्ती नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

हजरत जकरिया (अलै.) सुतारकाम करीत, असे हदीसमध्ये आले आहे. हजरत नूह (अलै.) यांची नौका फळ्यांची आणि खिळ्यांची होती, याचा उल्लेख कुरआनात सूरह अल-कमरमध्ये आहे. ज्या धंद्याला असा मान आहे तो तयार मालाच्या भीतीने सोडून देण्याचे कारण नाही. येत्या उन्हाळ्याआधी ज्यांना जमेल त्यांनी निदान दोन दारांच्या फळ्या सावलीत रचून ठेवाव्यात आणि प्रत्येक थरावर चिराईची तारीख खडूने लिहावी. पुढचा ग्राहक आला की त्याला आधी तो ओटा दाखवावा, दर नंतर सांगावा.

अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.